वाचता न येणारं अक्षर : चिनी शाईतले आत्ताचे प्रयोग

टिपकागद (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढावा की नाही यात चार दिवस गेले. मी चित्रकार नाही आणि चिनी भाषेचा अभ्यासक तर नाहीच. पंपांच्या कारखान्यात आहे, कामानिमित्त गेलं दीड वर्ष हांगझौला राहतो. चिनी अक्षरं चारेकशे ओळखतो, त्यातली निम्मी हॉटेलच्या मेन्यूकार्डावरची.

इथल्या पश्चिम सरोवराच्या काठी सकाळी म्हातारी माणसं फरसबंदीवर पाण्याने लिहीत असतात. प्लास्टिकच्या पाइपाला टोकदार कापलेला स्पंज, शेजारी पाण्याची बादली. याला 'दीशू' म्हणतात, म्हणजे जमिनीवरचं लिखाण. उन्हाळ्यात तिसरी ओळ सुरू होईपर्यंत पहिली वाळून गेलेली असते. बघायला दहा-बारा जण जमतात, एखादा मान डोलावतो, एखादा चूक काढतो. एके दिवशी ऑफिसातला एक स्थानिक सहकारी बरोबर होता. मी विचारलं, काय लिहिलंय रे? तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, दोन अक्षरं लागली, बाकीची नाही लागत. ही 'त्साओशू' आहे, गवती लिपी, आमच्यातही थोड्यांनाच वाचता येते.

मी गारच झालो. इतके महिने वाटत होतं, अडाणी मी एकटाच.

तिथून शोधत शोधत शू बिंगपर्यंत पोचलो. जन्म १९५५चा, वाढला बीजिंगात, विद्यापीठाच्या आवारात. आई ग्रंथालयशास्त्रातली, त्यामुळे पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बालपण. त्याने १९८७ साली एक उद्योग हातात घेतला: चिनी दिसतील पण चिनी नसतील अशी अक्षरं रचायची. रेघांची संख्या, तोल, डावी-उजवी बाजू, सगळं शास्त्रशुद्ध. फक्त तसं अक्षर कुठल्याच शब्दकोशात नाही. अशी सुमारे चार हजार अक्षरं एकट्याने लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटी कोरली आणि जुन्या पद्धतीची, दोऱ्याने शिवलेली पुस्तकं छापली. समास, टीपा, अनुक्रमणिका, कशाकशात कसूर नाही. १९८८मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ती मांडली तेव्हा छतापासून कागदाचे लांब पट्टे झुलत होते आणि खाली पुस्तकं उघडून ठेवली होती. नाव 'थ्येनशू', आकाशातलं पुस्तक. बोलीत 'मला हे थ्येनशू आहे' म्हणजे यातलं मला ओ की ठो कळत नाही.

लोक आले, वाकून वाचायला लागले, आणि हळूहळू चेहरे बदलत गेले. प्राध्यापक मंडळी एकेक अक्षर तपासत बसली की निदान एखादं तरी खरं असेल. पुढे सनातनी टीकाकारांनी याला 'भुतांनी बांधलेली भिंत' म्हटलं. रात्री वाट चुकून माणूस त्याच जागी गोल फिरत राहतो, त्याला तिकडे हा वाक्प्रचार आहे. म्हणजे आपला चकवा. शू बिंगने ते नाव उचलून पुढच्याच कामाला दिलं: १९९०मध्ये चीनच्या भिंतीच्या एका तुकड्यावर कागद थापून त्याने शाईने तिचा ठसा घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या पुस्तकासमोर बीजिंगचा प्राध्यापक आणि चारशे अक्षरांचा मी एका पायरीवर येतो. चिनी कलेच्या दालनात मला पहिल्यांदाच कमीपणा वाटला नाही. यावर तुमचं काय म्हणणं आहे? शिवाय शाईतले इतर कोणते प्रयोग पाहिलेत तेही लिहा.

---

तिरकस

आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाठवू का? १९९०पासून प्रयोग सुरू आहेत. फक्त औषधवाल्याला वाचता येते, तेवढी भेसळ आहे.

---

टिपकागद

@तिरकस, हा विनोद पहिल्या तीन प्रतिसादांत येणार अशी घरी पैज लावली होती. तुमच्यामुळे जिंकलो, एक वेळचा चहा सुटला.

---

निवृत्त_मास्तर

उत्तम विषय. मी अप्लाइड आर्टला तीस वर्षं अक्षरलेखन शिकवलं, म्हणून जरा शाई-कागदापासून सुरुवात करतो, कारण तो नीट समजला नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

आपण बोरू घेतो. त्याचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे रेघेची जाडी हाताच्या कोनावर ठरते. चिनी कुंचल्याला टोक आहे आणि पोटही आहे. तो उभा धरायचा, मनगट अधांतरी. दाबलात की रेघ फुगते, उचललात की केसासारखी होते. रेघेची जाडी कोनावर नाही, दाबावर आणि वेगावर ठरते. शेळीच्या केसांचा कुंचला मऊ आणि फार शाई पिणारा, वीझल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या केसांचा कडक, उसळी मारणारा.

कागद शुआन. आनह्वे प्रांतातल्या जिंगश्येन भागात होतो, छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्यापासून. त्याच्यावर तुरटीचा हात फिरवला नसेल तर त्याला कच्चा म्हणतात, आणि कच्चा शुआन म्हणजे टिपकागदच (धागाकर्त्यांची माफी मागून). कुंचला क्षणभर थांबला की तिथे डाग पसरतो. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, दुसऱ्यांदा रेघ मारली की लगेच ओळखू येते. कुंचला वेगाने गेला आणि शाई कमी असली की रेघेत पांढरे पट्टे राहतात, त्याला 'फेइबाय', उडतं पांढरं म्हणतात. म्हणजे कागदावर अक्षर तर उमटतंच, शिवाय लिहिणारा कुठे दचकला, कुठे धावला, कुठे त्याची शाई संपली हेही उमटतं. जाणकार चिनी माणूस चांगला लेख बघताना मनातल्या मनात हात हलवत असतो. रेघ ज्या क्रमाने मारली त्याच क्रमाने तो ती पुन्हा मारतो.

म्हणून माझं मत: 'वाचता न येणारं अक्षर' हा आधुनिक शोध मुळीच नाही. आठव्या शतकातला झांग शू दारू पिऊन केस शाईत बुडवून लिहायचा अशा कथा आहेत. हुआयसू नावाच्या भिक्षूला कागद परवडेना म्हणून तो केळीच्या पानांवर गिरवायचा. त्याचं ७७७ सालचं 'आत्मकथन' तैपेईच्या संग्रहालयात आहे, त्यातली शेवटची अक्षरं म्हणजे वावटळ. आणि माझा सर्वांत आवडता, यान झेनछिंग. बंडाळीत पुतण्या मारला गेला, तेव्हा ७५८मध्ये त्याने श्राद्धाच्या मजकुराचा कच्चा खर्डा लिहिला. खाडाखोड, फराटे, शाई सुकत गेलेली, मधेच पुन्हा दाट. तो खर्डाच आज अक्षरलेखनाचा शिखर नमुना मानला जातो. पक्की प्रत कोणी विचारत नाही.

---

पेन्सिलटोक

मास्तर, __/\__
वाचनखूण साठवली.

---

दौत_लेखणी

धागाकर्त्याच्या शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. तुम्ही आणि प्राध्यापक एका पायरीवर येत नाही. तुम्हाला काहीच वाचता येत नव्हतं, पुढेही येणार नाही, तुमचं गेलं काय? जे पान आपलं आहे असं वाटतं, डोळे सवयीने वाचायला धावतात आणि आपटतात, ते आपटणं त्याच्या वाट्याला आलं. तुम्ही बाहेर बाकावर बसून बघितलंत.

मी हे ठामपणे सांगू शकते कारण आमच्या घरी थ्येनशू आहे. माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचे कागद, सगळे मोडीत. जमिनीचे, देण्याघेण्याचे, एखाद-दुसरं पत्र. आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतलेली आणि तिला खाली लोंबकळणारी अक्षरं, हात न उचलता. भाषा मराठी, आमचीच. आडनाव कुठेतरी असणारच. पण मला त्यातलं एक 'श्री' सोडून काही लागत नाही. चिनी कागद समोर आला तर मला काही वाटत नाही. हे कागद समोर आले की वाटतं.

---

टिपकागद

@दौत_लेखणी, पटलं. म्हणजे अर्धं पटलं. बाकावर बसून बघितलं हे खरं, पण त्याआधी बाकही नव्हता.

तुमच्या बोलण्यावरून आठवलं. शू बिंगची पिढी शाळेत शिकत असतानाच सरकार अक्षरं बदलत होतं. १९५६पासून सोपी केलेली अक्षरं आली. मुलांनी एक रूप शिकायचं, पुढच्या वर्षी ते टाकून नवं शिकायचं. १९७७मध्ये सोप्या अक्षरांची आणखी एक खेप आली, ती लोकांनी काही फारशी स्वीकारली नाही, आणि १९८६मध्ये ती सरकारी हुकमाने मागे घेतली. काल शाळेत बरोबर असलेलं अक्षर आज चूक. लगेच पुढच्या वर्षी शू बिंग खोटी अक्षरं कोरायला बसतो! एकामुळे दुसरं झालं असं म्हणत नाही, पण हवा तीच होती.

आणि खोट्या अक्षरांत तो एकटा नव्हता. त्याच्याच वयाचा शांघायचा वेन्दा कू. (आडनाव मुद्दाम 'कू' लिहितोय. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, तिच्यातला 'ग' आपल्या 'क'च्या जवळ जातो, आणि दुसरा पर्याय लिहिला तर धागा भलतीकडे जाईल.) सांस्कृतिक क्रांतीत कोवळ्या वयात त्याला भिंतीवर लावायची मोठ्या अक्षरांची घोषणापत्रकं लिहायला शिकवली. पुढे हांगझौच्या कलाशाळेत पारंपरिक निसर्गचित्रण शिकला, आणि मग भलंमोठं एक अक्षर काढायचं, तेही चुकीचं, उलटं, अर्धवट किंवा तांब्या फुलीने खोडलेलं, असं सुरू केलं. १९८६मध्ये शिआनला त्याचं प्रदर्शन भरलं, त्यातला भाग सर्वसामान्य लोकांना बंद केला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला.

---

तिरकस

तांब्या फुलीने म्हणजे? पाणी प्यायचा तांब्या?

---

टिपकागद

तांबड्या. मोबाइलवर टंकतोय. आता दुरुस्त करत नाही, धाग्याच्या विषयाला धरून आहे.

---

सिद्धेश्वर_पेठ

लिहिलेलं अक्षर चीनमध्ये कधी भोळं नसतं, हे वेन्दांच्या गोष्टीवरून कळतंच. अजून एक सांगतो. चीनच्या सरकारी वृत्तपत्राचं मथळ्यावरचं नाव आजही माओच्या हस्ताक्षरात आहे. सम्राट गेले, पण राजाने कुंचला चालवून दाखवायचा ही प्रथा काही गेली नाही.

आम्हा सोलापूरकरांचा याच्याशी थेट संबंध आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस डिसेंबर १९४२मध्ये तिकडेच वारले, वय फक्त ३२. तेव्हा माओने स्वतः कुंचल्याने शोकसंदेश लिहिला: सैन्याचा मदतीचा हात गेला, राष्ट्राचा मित्र गेला, अशा अर्थाचा. मी त्याची छायाप्रत पाहिली आहे. शाळेत असताना वाटायचं, एवढ्या मोठ्या पुढाऱ्याचं अक्षर असं वाकडंतिकडं कसं, ओळी खालीवर, एक अक्षर बारीक, एक मोठं. मास्तरांचा वरचा प्रतिसाद वाचून आज ते पुन्हा काढून बघितलं.

---

निवृत्त_मास्तर

@सिद्धेश्वर_पेठ, माओचा हात हुआयसूच्या वळणाने जातो असं तिकडचे लोक मानतात. माणसाबद्दल मत काहीही असो, अक्षर धावतं.

---

पेन्सिलटोक

मास्तर, एक बाळबोध प्रश्न. थ्येनशू आपल्याकडे देवनागरीत का कोणी केलं नाही? मी काल रात्री वहीत करून बघितलं. खोटी जोडाक्षरं बनवली: 'ङ्ढ्वी', 'ठ्ळ्मा', 'ञ्फ्रे'. मस्त दिसतात.

---

दौत_लेखणी

पण ती वाचता येतात! मी 'ङ्ढ्वी' मोठ्याने म्हणून पाहिलं. आतल्या खोलीतून सासूबाई विचारतात, पाणी देऊ का.

इथेच तर फरक आहे. देवनागरीत काहीही जोडा, तोंडाला त्याचं काहीतरी करता येतं. अर्थ नसला तरी उच्चार राहतो. चिनी अक्षर खोटं निघालं की उच्चारही जातो, नुसतं चित्र उरतं, आणि ते धड चित्रही नसतं. त्यामुळे थ्येनशूच्या दालनात लोक गप्प झाले असणार. तुमच्या वहीसमोर लोक ओरडतील.

---

निवृत्त_मास्तर

दौत_लेखणी यांचं निरीक्षण लाखमोलाचं. वर्गात मला हे कधी सुचलं नाही, याचा खेद आहे.

आपल्याकडे दुसऱ्या वाटेने गेले लोक. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून मोडी आणि देवनागरी यांच्या मिश्रणातून 'मुक्तलिपी' काढली. र. कृ. जोशींनी तर अक्षर हे ध्वनीचं चित्र आहे असं धरून अक्षरातूनच कविता मांडल्या. दोघांकडेही कान सुटत नाही. चिनी प्रयोगात कान सोडून देता येतो. चांगलं-वाईट म्हणत नाही, घडण वेगळी आहे.

---

हार्बरकाठी

नमस्कार, पूर्वी अकरा वर्षं हाँगकाँगला होते. इथे सगळे कलाशाळावाले आले, माझ्याकडचा नमुना शाळेत जेमतेम गेलेला आहे, म्हणून लिहिते.

त्सांग त्सौ-चोय, १९२१ ते २००७. लोक त्यांना 'कौलूनचा राजा' म्हणायचे (कौलून हा हाँगकाँगचाच एक भाग). त्यांचं म्हणणं असं की कौलूनची जमीन मूळ त्यांच्या पूर्वजांची, ब्रिटिशांनी बळकावली. कुठल्या कोर्टात गेले नाहीत. काळी शाई आणि कुंचला घेऊन शहरभर लिहीत सुटले: विजेच्या खांबांवर, फिडरच्या पेट्यांवर, पुलांच्या पायथ्यांना, भिंतींना. पूर्वजांची नावं, गावांची नावं, इंग्लंडच्या राणीला शिव्या. कुबड्या घेऊन चालत, तरी अनेक दशकं हे सुरू होतं. पालिकेची माणसं यायची, रंग मारून जायची, हे पुन्हा त्यावर लिहायचे.

अक्षर सुंदर म्हणावं तर नाही. सगळी एका मापाची, ठासून भरलेली, मधे श्वास घ्यायला जागा नाही. पण २००३मध्ये ते व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात पोचलं. आणि ज्या सरकारने जन्मभर त्यावर रंग फासला त्यानेच पुढे चिम शा चुईच्या फेरी धक्क्यावरच्या खांबाला काचेसारखं प्लास्टिकचं आवरण बसवलं. मी रोज त्या धक्क्यावरून जायचे. आवरण चढल्यावर त्या खांबाकडे बघणं हळूहळू सुटलंच, असं का ते माहीत नाही.

---

तिरकस

गंभीर होतो जरा. राजा आवडला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, भिंत होती म्हणून भिंतीवर म्हटलं. बाकीच्यांचं असं वाटतं की आधी दालन मिळालं, मग काय मांडायचं ते ठरलं. चार हजार अक्षरं कोरायला कष्ट लागले हे मान्य. पण कष्ट तर बोअरवेल खणणाऱ्यालाही लागतात, पाणी लागतं तेव्हा पैसे देतो आपण.

---

टिपकागद

@तिरकस, तुमच्यासाठी कोरड्या बोअरवेलचं उदाहरण देतो.

हांगझौहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत शाओशिंग. त्याच्या बाहेर लानथिंग नावाची जागा. इसवी सन ३५३मध्ये वसंतात विख्यात अक्षरलेखक वांग शीझी आणि चाळीसेक मित्र तिथे ओढ्याकाठी बसले, पाण्यात मद्याचे प्याले सोडले. ज्याच्यापुढे प्याला थांबेल त्याने कविता म्हणायची, नाहीतर प्यायची. त्या कवितांना वांग शीझीने तिथेच प्रस्तावना लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरं. त्यात 'झी' हे एक साधंसं अक्षर, आपल्या 'चा-ची-चे'सारखं, वीसेक वेळा येतं आणि दर वेळी वेगळं काढलेलं आहे. नंतर शुद्धीवर पुन्हा लिहायला गेला, पण तसं उतरेना म्हणतात. थांग सम्राट ताइझोंग याने ती मिळवली आणि मरताना थडग्यात बरोबर नेली, अशी कथा. आज आहेत त्या नकला. म्हणजे सोळाशे वर्षं सगळा देश ज्याचा कित्ता गिरवतोय ते मूळ कोणापाशीच नाही. मी गेलो होतो. ओढा अजून दाखवतात, हंसही पाळलेत, कारण वांग शीझीला हंस आवडायचे. हंस अंगावर आले.

आता छ्यू झिजिए. जन्म १९६९. हांगझौच्या कलाशाळेत शिकत असताना १९९०मध्ये त्याने ही प्रस्तावना लिहायला घेतली. लिहून झाली की त्याच कागदावर पुन्हा. पुन्हा. हजार वेळा, काही वर्षं. पन्नासएक वेळांनंतर कागद पूर्ण काळा झाला. त्यानंतरची साडेनऊशे आवर्तनं काळ्यावर काळं. सुरुवातीचं चित्रीकरण आहे, मी बघितलंय. हात त्याच शांतपणे चालतो.

बघून मला माझी आजी आठवली. रामनामाच्या वह्या लिहायची, लाल शाईच्या पेनाने. वह्या भरल्या की कुठल्याशा देवळात जायच्या. तिला विचारलं असतं की एकाच पानावर लिही, वह्या वाचतील, तर तिने नाही म्हटलं असतं का, कोण जाणे. पाणी लागलं का म्हणून मात्र तिला कोणी विचारलं नाही.

---

तिरकस

आजीला मध्ये आणलंत, आता काय बोलणार. पैज तुम्हीच जिंका.

---

एडिसनची_शमा

न्यू जर्सीहून लिहितेय. आत्तापर्यंत सगळे पुरुषच आले, राजा धरून. मी तोंग यांग-त्झे यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं. जन्म १९४२चा, शांघायचा, वाढल्या तैवानमध्ये. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या जो भव्य दिवाणखाना आहे, तिथे नोव्हेंबर २०२४पासून काही महिने त्यांचे दोन प्रचंड लेख लावले होते. एक प्राचीन 'काव्यसंग्रहा'तला: दुसऱ्या डोंगरावरच्या दगडाने आपलं रत्न घासून घ्यावं. दुसरा सू शी या जुन्या कवीचा, लिहिण्याबद्दलच: जिथे जायला हवं तिथे जावं, थांबणं भाग आहे तिथे थांबावं.

यांचा मुद्दा तुमच्या सगळ्यांच्या उलट आहे. त्या खोटं अक्षर काढत नाहीत, मजकूरही लपवत नाहीत. जुनंच वचन, खरीच अक्षरं, पण माणसाला गिळेल एवढी. एक रेघ माझ्या उंचीहून मोठी होती. जवळ गेलं की अक्षर राहत नाही, मास्तर म्हणतात ते पांढरे पट्टे दिसतात, मागे गेलं की परत अक्षर होतं. माझ्यापुढे एक चिनी बाबा सातआठ वर्षांच्या मुलीला बोट दाखवून वाचून दाखवत होता. एका अक्षराशी अडला, मोबाइल काढला. मुलगी म्हणाली ते बहुतेक, 'बाबा, तुलाही येत नाही?' असंच असावं, कारण तो हसला.

---

हार्बरकाठी

नुसत्या शाईबद्दलच नको, पाण्याबद्दलही लिहा कोणीतरी. सोंग डोंग?

---

टिपकागद

सोंग डोंग लिहायचाच होता. बीजिंगचा, १९६६चा. लहानपणी घरची गरिबी, वडील म्हणायचे, शाई-कागद वाया घालवू नकोस, दगडावर पाण्याने गिरव. १९९५पासून तो दगडावर पाण्याने डायरी लिहितो. मनातलं काहीही. वाळून जातं, कोणाला कधीच कळणार नाही. आपल्याकडे धुळपाटीवर शिकलेले लोक होते, पण धुळाक्षरं मास्तर तरी बघायचे! पुढच्याच वर्षी हा ल्हासाच्या नदीत बसला आणि 'पाणी' हे अक्षर कोरलेला मोठा लाकडी शिक्का तासभर पाण्यावर मारत राहिला. फोटोंच्या रांगा आहेत, प्रत्येकात नुसते तुषार.

आणि ज्याच्यासाठी हा धागा काढला तो राहिलाच. वांग डोंगलिंग, जन्म १९४५, राहणं हांगझौलाच. ऐंशीच्या घरातला हा माणूस झाडूएवढा कुंचला घेऊन जमिनीवर पसरलेल्या कागदावर चालत लिहितो. पारंपरिक गवती लिपीत तयार झालेला हात, मोठमोठ्या गुरूंकडे शिकलेला. पण गेली काही वर्षं तो 'लुआनशू' काढतो, म्हणजे गोंधळलेखन. मजकूर खरा, अक्षरं खरी, क्रम खरा. फक्त एक ओळ दुसऱ्या ओळीच्या अंगावर, अक्षर अक्षराच्या पोटात. शेवटी शाईचं जाळं उरतं.

मी एक मोठं लुआनशू पाहायला गेलो. शेजारी पाटीवर मजकुराचं नाव होतं, त्यातली अक्षरं नेमकी माझ्या चारशेंतली: 'शिन जिंग'. हृदयसूत्र. प्रज्ञापारमितेचं. २६० अक्षरं, युआन च्वांगच्या (आपल्या इतिहासातला ह्युएनत्संग) नावावर असलेलं भाषांतर. सहकाऱ्याला विचारलं, शेवटी काय आहे? त्याने आजीकडून ऐकलेलं पाठ म्हणून दाखवलं: जिएदी, जिएदी, बोलुओ जिएदी. अर्थ? म्हणाला, अर्थ नाही, मंत्र आहे.

मला दोन मिनिटं लागली. गते, गते, पारगते.

म्हणजे बघा. भाषांतरकाराने सगळं सूत्र चिनीत आणलं, पण मंत्र भाषांतरित केला नाही. संस्कृत आवाजाच्या जवळ जाणारी चिनी अक्षरं उचलली आणि त्यांचा अर्थ सोडून दिला. तेराशे वर्षं सगळा देश ती अक्षरं लिहितोय, घोकतोय, नुसत्या आवाजासाठी. अर्थ काढून घेतलेलं अक्षर हे शू बिंगच्या किती तरी आधी, रोजच्या पूजेत होतं. आणि त्या काळ्या जाळ्यात, पाच-सहा अक्षरांच्या ओझ्याखाली कुठेतरी, मला कळणारे दोन शब्द पुरलेले होते. दिसत नव्हते. पण @दौत_लेखणी, त्या दिवशी मी बाकावर नव्हतो.

---

दौत_लेखणी

नव्हतात.

पेटीचे फोटो काढून मोडीच्या एका जाणकारांकडे पाठवलेत. पहिल्या कागदाचं उत्तर आलं: तीन म्हशींचा हिशोब आहे. अजून सतरा कागद बाकी.

---

निवृत्त_मास्तर

म्हशींचं सुलेखन पाहायला मिळेल का?

---

पेन्सिलटोक

मी आज दुपारी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाण्याने 'श्री गणेशाय नमः' लिहून बघितलं. विसर्गाचे दोन ठिपके द्यायला पोचलो तोवर 'श्री' निम्मा उडाला होता. पुन्हा लिहिलं. मग आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा आले, कठड्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, 'णे'ची मात्रा जरा वर घे.

---

हार्बरकाठी

ब्रश कुठला घेतलात?

---

पेन्सिलटोक

भिंतीला चुना लावायचा. जुना होता, केस गळतात.